गिऱ्हाईक दुकानालाच येते तेव्हा

पेठेतले एखादे जुने दुकान विकले जाणार असले की त्याची कुणकुण व्यवहार होण्यापूर्वीच पेठेला लागत असे. मालक थकला आहे, मुलगा मुंबईला नोकरीला आहे, घरमालकाशी पागडीवरून बोलणी चालली आहेत, हे शेजाऱ्याला ठाऊक असे आणि दुकानातल्या नोकरालाही. व्यवहार चांगला होवो वा वाईट, तो चारचौघांच्या देखत होई. आजच्या ऑनलाइन धंद्याची विक्री अशी होत नाही. येवल्याची पैठणी, वेंगुर्ल्याचे काजू, कोल्हापुरी चप्पल किंवा घरची मसाल्याची पाकिटे संकेतस्थळावरून विकणाऱ्या एखाद्या माणसाला एके दिवशी अपरिचित नावाचे चार ओळींचे पत्र येते. तुमचे काम आम्हाला आवडले, आमची कंपनी अशा धंद्यांच्या शोधात आहे, आपला धंदा विकण्याचा विचार आहे काय, एवढाच त्यातला मजकूर असतो. धंदा विकावा असा विचार त्या क्षणापर्यंत त्याच्या मनाला शिवलेलाही नसतो. त्या क्षणापासून दुसरे काही सुचेनासे होते. आणि पाकिटे बांधणाऱ्या बायकांना, हिशोब ठेवणाऱ्या मुलाला, माल पुरवणाऱ्या विणकराला त्यातले काहीच ठाऊक नसते.

हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्याने आपला मानावा काय, अशी शंका काहींच्या मनात येईल. छोटा मालक म्हटला की आपल्या चळवळीत त्याच्याकडे थोड्या संशयानेच पाहिले जाते. परंतु या महाराष्ट्रात ज्यांना आज आपण छोटे मालक म्हणतो, त्यांतील पुष्कळजण गिरणी बंद पडलेल्या कामगारांची मुले आहेत, नोकरी न मिळालेले पदवीधर आहेत, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरातून धंदा उभारणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्या धंद्यावर आणखी दोन-चार वा दहा कुटुंबे जगतात. अशा धंद्याची मालकी कोणाच्या हाती जाते यावर त्या कुटुंबांचे पोट अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न केवळ विकणाऱ्याच्या खिशाचा नाही.

ही पत्रे येतात कोठून, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. काही निव्वळ लबाडीची असतात. संकेतस्थळाच्या नावाला मोठी किंमत देऊ करायची, मग ‘मूल्यांकनाचे प्रमाणपत्र’ अमुक ठिकाणाहूनच आणा असे सांगायचे, त्यासाठी विक्रेत्याने पैसे भरले की खरेदीदार अदृश्य, हा प्रकार अनेक वर्षांपासून चालू आहे. खऱ्या गिऱ्हाइकाला विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे लागत नाहीत. एवढे ध्यानात ठेवले तरी असली पत्रे बाजूला काढता येतात. काही पत्रे प्रतिस्पर्ध्यांची असतात. त्यांना धंदा नको असतो, त्या धंद्याचे हिशोब पाहायचे असतात. माल कोठून येतो, कोणत्या भावाने येतो, कोणत्या गावचे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते, ही माहिती विक्रेता बोलण्याच्या भरात देऊन बसतो आणि दोन महिन्यांनी ‘सध्या विचार नाही’ असे उत्तर येते. यासाठी गुप्ततेचा लेखी करार आधी, आकडे नंतर, आणि तेही टप्प्याटप्प्याने, हा क्रम मोडता कामा नये. ढोबळ उलाढाल व नफा प्रथम दाखवावा. पुरवठादारांची नावे आणि ग्राहकांची यादी अगदी शेवटी, पैशाची हमी मिळाल्यावर. खात्यांचे पासवर्ड तर व्यवहार पुरा होईपर्यंत कोणालाही देऊ नयेत, हे सांगण्याची गरज भासू नये; पण भासते.

तिसरा प्रकार भांडवलाच्या लाटेचा. २०१८ मध्ये अमेरिकेत थ्रेशियो नावाची कंपनी निघाली. ॲमेझॉनच्या बाजारात माल विकणारे छोटे व्यापारी शोधून काढायचे, त्यांचे नाव व माल विकत घ्यायचा आणि असे शेकडो धंदे एका छत्राखाली आणायचे, हा तिचा उद्योग. साथीच्या काळात घरबसल्या खरेदी वाढली तेव्हा भांडवलदारांनी तिच्यात अब्जावधी डॉलर ओतले. भारतातही २०२१ मध्ये मेन्सा ब्रँड्स, ग्लोबलबीज अशा कंपन्या याच धर्तीवर निघाल्या. त्या दिवसांत असे व्यापारी होते की ज्यांना आठवड्याला एक तरी पत्र येई. पुढे साथ ओसरली, विक्री उतरली, कर्जाचे व्याज चढले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये थ्रेशियोने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. ज्यांनी आपला धंदा अशा कंपनीला विकताना किमतीचा काही भाग ‘पुढील दोन वर्षांच्या विक्रीवर’ घेण्याचे मान्य केलेले असते, त्यांची बाकी अशा वेळी इतर देण्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. आणि तारणावर कर्ज देणाऱ्यांची रांग नेहमी पुढे असते. खरेदीदार श्रीमंत आहे एवढे पुरेसे नाही. तो कोणाच्या पैशाने श्रीमंत आहे, हे विचारायला हवे.

या किमतीच्या प्रकरणाकडे थोडे अधिक बारकाईने पाहावे लागेल. छोट्या ऑनलाइन धंद्याची किंमत सामान्यतः मालकाच्या हाती वर्षाकाठी उरणाऱ्या नफ्याच्या पटीत मांडली जाते. दोन ते चार पट हा नेहमीचा पल्ला. यात मालकाच्या स्वतःच्या श्रमाचे काय, हा प्रश्न फार क्वचित विचारला जातो. नवरा-बायको दोघे दिवसाचे बारा तास राबत असतील आणि वर्षाला सहा लाख उरत असतील, तर तो नफा आहे की दोन माणसांची मजुरी? पुष्कळ घरांत तर धंदा पुरुषाच्या नावावर असतो आणि काम बाईचे असते. मालाची निवड तिची, गिऱ्हाइकाशी बोलणे तिचे, रात्री पाकिटांवर पत्ते लिहिणे तिचे. आणि विक्रीच्या कागदावर सही मात्र त्याची. अशा व्यवहारात तिची लेखी संमती आणि तिचा लेखी हिस्सा असल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा आग्रह निदान आपल्या कार्यकर्त्यांनी तरी धरला पाहिजे. कायदा तो धरत नाही.

किंमत तीन तऱ्हांनी देऊ केली जाते. रोख, खरेदी करणाऱ्या कंपनीच्या शेअरांत, आणि पुढील उत्पन्नावर अवलंबून असलेल्या हप्त्यांत. कागदावर तिन्हींची बेरीज एकच दिसते. भारतातील या क्षेत्रातला पहिला मोठा गाजलेला व्यवहार मुंबईच्या राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डचा. १९९५ पासून त्यांनी समाचार, खोज, खेल, बावर्ची अशी संकेतस्थळे उभारली होती, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ती ४९९ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. त्या आकड्याने तेव्हाच्या तरुणांची झोप उडवली. तो पैसा एकदम मिळणारा नव्हता, टप्प्याटप्प्याने मिळणारा होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. २००० साली शेअर बाजारातला इंटरनेटचा फुगा फुटला. व्यवहार काही महिने उशिरा सुरू झाला असता तर तो आकडा कोठे असता, याचा अंदाज कोणालाही करता येईल. तात्पर्य इतकेच की, हातात आलेली रोख रक्कम हीच किंमत मानून व्यवहार पसंत पडत असेल तर करावा. बाकीचे मिळाले तर मिळाले.

प्रस्तावाला नकार द्यावा म्हटले तर तो नेहमी देता येतोच असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. लहान मुलांची लंगोटे व इतर सामान ऑनलाइन विकणारी क्विड्सी ही अमेरिकन कंपनी २००५ मध्ये दोघा मित्रांनी सुरू केली. डायपर्स डॉट कॉम हे तिचे दुकान आयांना पसंत पडले. ॲमेझॉनला ती हवी होती, ती विकायला तयार नव्हती. मग ॲमेझॉनने आपल्याकडील लंगोटांचे भाव असे पाडले की क्विड्सीची वाढ खुंटली आणि तिला नवे भांडवल मिळेनासे झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये ती सुमारे ५४ कोटी ५० लाख डॉलरना ॲमेझॉनने घेतली. अमेरिकन काँग्रेसच्या समितीने २०२० मध्ये उघड केलेल्या कागदांवरून दिसले की या एका मालावर महिन्याला वीस कोटी डॉलरचा तोटा सोसण्याची ॲमेझॉनची तयारी होती. आणि २०१७ मध्ये ‘नफा होत नाही’ असे सांगून ॲमेझॉनने ते दुकान बंद करून टाकले. आपल्याकडच्या काजू विकणाऱ्याची गाठ इतक्या मोठ्या राक्षसाशी पडेल असे नाही. पण ज्या बाजारात तो माल मांडतो तो बाजारही त्यांचाच, शोधात वर कोण दिसावे हे ठरवणारेही तेच, आणि कोणता माल खपतो याचे आकडेही त्यांच्याचपाशी. ‘खुला बाजार’ हा शब्द ज्यांच्या तोंडी सदैव असतो, त्यांनी या बाजाराला कोणत्या बाजूने दार आहे ते एकदा दाखवावे.

म्हणून प्रस्ताव येण्याच्या आधीच काही गोष्टी नीट असाव्या लागतात. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे नोंदलेले आहे? पुष्कळदा ते तयार करून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या किंवा एखाद्या भाच्याच्या नावे निघते, आणि विक्रीच्या वेळी तो भाचा आपला वाटा मागतो. व्यापारचिन्ह नोंदलेले आहे काय? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे ते धंद्याच्या नावलौकिकासह वा त्यावाचूनही दुसऱ्याला देता येते. वस्तू व सेवा कराची नोंदणी मात्र माणसाच्या वा कंपनीच्या पॅनशी बांधलेली असल्याने ती विकता येत नाही, नव्या मालकाने स्वतःची घ्यावी लागते. जुना कर थकला असेल तर त्याचे ओझे जुन्या आणि नव्या अशा दोघांवरही राहते. चालता धंदा पूर्णपणे हस्तांतरित केला तर त्या व्यवहारावर हा कर लागत नाही, सुटे सुटे सामान विकले तर लागतो. असल्या बाबी रुक्ष आहेत खऱ्या, पण कित्येक व्यवहार त्यांवरच अडतात, आणि अडलेल्या व्यवहारात भाव नेहमी विकणाऱ्याचाच उतरतो. तोपर्यंत त्याने ‘साठ दिवस दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही’ असे लिहून दिलेले असते. ही एकनिष्ठेची अट खरेदीदार पहिल्याच कागदात घालतो. मुदत पंधरा-वीस दिवसांवर आणावी, आणि त्या मुदतीत किंमत बदलली तर अट आपोआप सुटेल असे लिहून घ्यावे.

दुसरी अट त्याहून जड. धंदा विकणाऱ्याने पुढे तोच धंदा करू नये, ही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सत्ताविसावे कलम माणसाच्या उपजीविकेला बंदी घालणारे करार रद्दबातल ठरवते. परंतु नावलौकिक विकणाऱ्याला त्यातून अपवाद आहे. विशिष्ट स्थानिक मर्यादेत, खरेदीदार तो धंदा तेथे चालवीत आहे तोवर, आणि न्यायालयाला ती मर्यादा वाजवी वाटली तर, अशी बंदी चालते. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक गाव, एक पेठ होती. संकेतस्थळाची ‘स्थानिक मर्यादा’ कोणती? खरेदीदाराचा वकील ‘संपूर्ण भारत’ असे लिहून मोकळा होतो. पन्नाशीतल्या चप्पल कारागिराला अशा कागदावर सही करताना आपण उरलेल्या आयुष्यात काय करणार, याचा विचार करावा लागेल. दोन वर्षे आणि नेमका तोच माल, यापलीकडे ही बंदी जाऊ देऊ नये.

आता ज्यांच्या सह्या त्या कागदावर नसतात त्यांच्याकडे वळले पाहिजे. मालक बदलला तर कामगाराचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मिरज, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर या टापूत धावणारी बार्शी लाइट रेल्वे खासगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने घेतली. आदल्या दिवसापासून कंपनीने सर्व कामगारांची नोकरी संपुष्टात आणली. बहुतेकांना सरकारने नव्याने कामावर घेतले. कामगारांनी कपातीची नुकसानभरपाई मागितली. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चालू उद्योगातील जादा माणसे कमी करणे म्हणजे कपात; उद्योगच हस्तांतरित झाला वा बंद पडला तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाईही नाही. त्या निकालाने उडालेल्या खळबळीमुळे १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. मालकी बदलल्यास वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला भरपाई द्यावी. नोकरी अखंड राहिली, शर्ती पूर्वीपेक्षा वाईट झाल्या नाहीत, आणि पुढे कधी कपात झाल्यास जुनी वर्षेही मोजण्याचे नव्या मालकाने पत्करले, तरच ती टळेल, असे ठरले. ते तत्त्व २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आले आहे.

पण पाकिटे बांधणाऱ्या बायकांपैकी किती जणींजवळ आपण वर्षभर सलग काम केले हे दाखवणारा कागद आहे? त्यांचे नाव हजेरीपटात नाही, पगार हातात मिळतो, कामाच्या गर्दीत बोलावणे येते. कायद्याने दिलेले त्यांच्या हाती पोहोचत नाही. म्हणूनच जो मालक स्वतःला आपल्या चळवळीचा सहानुभूतिदार म्हणवतो, त्याने प्रस्ताव आल्यावर नव्हे, आजच हजेरीचे पुस्तक घालावे आणि प्रत्येकीला नेमणुकीचे पत्र द्यावे. विक्रीच्या करारातही ‘अमुक इतक्या जणींना किमान अमुक काळ याच वेतनावर ठेवीन’ हे कलम येऊ शकते. खरेदीदार कुरकुरेल. तो किमतीतून दोन पैसे कमी करील. ते दोन पैसे सोसण्याची तयारी आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न उरतो. तोंडी आश्वासनावर मात्र विसंबू नये. फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप घेतले तेव्हा दोन्हीकडील वापरणाऱ्यांची खाती आपोआप जुळवणे आपल्याला शक्य नाही, असे त्याने युरोपच्या अधिकाऱ्यांना सांगितले होते. २०१६ मध्ये ते जुळवले गेले, आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल २०१७ मध्ये त्याला ११ कोटी युरोचा दंड झाला. अधिकाऱ्यांना लेखी सांगितलेल्याची ही अवस्था, तर चहाच्या पेल्यावर दिलेल्या शब्दाची काय असेल?

गिऱ्हाइकांचाही येथे विचार हवा. त्यांनी नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक दिला तो त्या दुकानावर विश्वास ठेवून. २००० साली अमेरिकेत टॉयस्मार्ट हे खेळण्यांचे ऑनलाइन दुकान बुडाले. ‘तुमची माहिती कोणालाही देणार नाही’ असे वचन दिलेले असताना ग्राहकांची यादी विकायला काढल्याबद्दल तेथील व्यापार आयोगाने त्याच्यावर खटला भरला. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, आणि ज्या हेतूने माहिती घेतली त्यापलीकडे ती वापरू नये हा त्याचा गाभा आहे. यादी देण्यापूर्वी गिऱ्हाइकांना कळवावे. ज्यांना नको असेल त्यांची नावे काढावीत.

विकायचेच नाही असे ठरवणाऱ्यांनी आणखी एक धोका ओळखावा. प्रस्ताव दरवेळी पुढच्या दाराने येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क यांनी १९९५ मध्ये मित्रांना कार्यक्रम कळवण्यासाठी एक यादी सुरू केली. तिचे पुढे छोट्या जाहिरातींचे क्रेगलिस्ट हे प्रचंड खपाचे स्थळ झाले. बहुतेक जाहिराती फुकट, नफ्याची हाव नाही, नोकरवर्ग मोजका. कंपनी झाली तेव्हा एका सहकाऱ्याला काही भाग दिले गेले. २००४ मध्ये त्याने आपले २८.४ टक्के भाग ईबे या बलाढ्य कंपनीला विकले. त्या व्यवहारात उरलेल्या दोघा भागधारकांनाही ईबेकडून ऐंशी-ऐंशी लाख डॉलर मिळाले, हे त्यांच्या साधेपणाची स्तुती करणारे सहसा सांगत नाहीत. मग ईबेने तसलेच प्रतिस्पर्धी स्थळ अमेरिकेत काढले, आणि क्रेगलिस्टच्या चालकांनी ईबेला रोखण्यासाठी भागधारकांच्या हक्कांचे नियम बदलले. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने त्यांतील प्रमुख उपाय रद्द केले. लोकांची सेवा हा हेतू उदात्त असेल. परंतु ज्यांनी नफ्यासाठीच्या कंपनीचे रूप घेतले त्यांनी भागधारकांच्या आर्थिक हिताला तिलांजली देण्याचे धोरण कंपनीच्या नावाने राबवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. अखेर २०१५ मध्ये क्रेगलिस्टने ते भाग ईबेकडून परत विकत घेतले. आपल्याकडे खासगी कंपनीच्या नियमावलीत भाग हस्तांतरावर निर्बंध असावेच लागतात. ते छापील नमुन्यातून उतरवून न घेता, भाग विकायचा तर तो प्रथम सहकाऱ्यांना, ठरलेल्या रीतीने काढलेल्या भावाने, असे स्पष्ट लिहिले तर हे मागले दार बंद करता येते.

विकणारे सगळेच लोभी असतात असे समजणे हाही अन्यायच. जोश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारासाठी वर्डल हा शब्दखेळ बनवला, ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केला. १ नोव्हेंबरला तो खेळणारे नव्वद होते, दोन महिन्यांत तीन लाखांवर गेले. जानेवारी २०२२ अखेर त्यांनी तो न्यूयॉर्क टाइम्सला दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला देऊन टाकला. एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेले काम सोपवण्यात गैर काय? त्यात कोणाची मजुरी बुडाली नाही. ज्या धंद्याचे मूल्य पुष्कळांनी मिळून निर्माण केले, त्याची गोष्ट निराळी असते. २००० मध्ये कॅनडात ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केले. आरंभी छायाचित्रकार तेथे आपापली चित्रे एकमेकांना विनामूल्य देत. पुढे अल्प किमतीला विक्री सुरू झाली आणि हजारो हौशी छायाचित्रकारांच्या श्रमावर ते वाढले. २००६ मध्ये गेटी इमेजेसने ते पाच कोटी डॉलरना घेतले. छायाचित्रकारांना त्यातले काय मिळाले? २०१० मध्ये त्यांच्या मोबदल्याचे दर बदलले आणि पुष्कळांचा वाटा घटून विक्रीच्या पंधरा टक्क्यांवर आला. लिव्हिंगस्टोन तोपर्यंत बाहेर पडले होते. २०१३ मध्ये काही जुन्या सहकाऱ्यांसह त्यांनी स्टॉक्सी नावाची छायाचित्रकारांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी केली. एकदा विकून बसलेल्या माणसाला जे दुसऱ्या खेपेस सुचले, ते पहिल्या खेपेस प्रस्तावाचे पत्र हाती असतानाच सुचले असते तर, असे छायाचित्रकारांच्या मनात आल्यावाचून राहिले नसेल.

कामगारांनीच धंदा विकत घ्यावा, ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. कॉफी बोर्डाने कॉफी हाऊसे बंद करायला घेतली तेव्हा १९५७ पासून ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. त्यांपैकी काही आजही चालू आहेत. कुर्ल्याची कामानी ट्यूब्स १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने हाती घेतली. तो प्रयोग पुढे टिकला नाही हे लपवण्यात अर्थ नाही. खेळते भांडवल आणि व्यवस्थापनाची शिस्त या दोन्हींवाचून नुसती मालकी तग धरत नाही. परंतु कारखान्याला लागणाऱ्या यंत्रसामग्रीच्या मानाने ऑनलाइन दुकानाला लागणारे भांडवल किरकोळ असते. येथे खरी संपत्ती म्हणजे कामाची माहिती आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, आणि ती दोन्ही काम करणाऱ्यांपाशीच असतात. बाहेरचा खरेदीदार जी रक्कम पुढील नफ्यातून हप्त्याने देतो म्हणतो, तीच रक्कम तशाच हप्त्यांनी कामगारही देऊ शकतात. जुन्या मालकाला फरक इतकाच पडतो की हप्ता बुडाला तर कोणाच्या दारी जायचे, हे त्याला ठाऊक असते.

ब्रिटनने २०१४ मध्ये कामगारांच्या विश्वस्त निधीला कंपनी विकणाऱ्या मालकाला करात सवलत दिली, आणि २०१९ मध्ये रिचर साउंड्स या दुकानांच्या साखळीच्या मालकाने साठ टक्के भाग अशा निधीकडे सोपवले. भारतात अशी सवलत नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा माणसे लागतात. सहा बायका आणि एक हिशोबनीस यांच्या बळावर चालणाऱ्या दुकानाला ती अट पुरी करता येत नाही. दोघांनाही काढता येणारी मर्यादित दायित्वाची भागीदारी २००८ च्या कायद्याने उपलब्ध आहे, तोवर तिचा उपयोग करावा. आणि कामगारांच्या उत्पादक संस्थांपुरती ही दहाची अट पाचावर आणावी, कामगारांना धंदा विकणाऱ्याला भांडवली नफ्याच्या करात सूट द्यावी, आणि जिल्हा बँकांनी अशा खरेदीला मालाच्या तारणावर कर्ज द्यावे, या तीन मागण्या पक्षाच्या विधिमंडळातील सदस्यांनी व जिल्हा शाखांनी येत्या अधिवेशनापूर्वी मांडायला घ्याव्यात.